अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र : १७७६ वर थांबू नका

अमेरिकेतील मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि मराठी शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

४ जुलै २०२६ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने स्मरणिका, मुलांची भाषणे, प्रश्नमंजूषा आणि ऐतिहासिक स्थळांच्या सहली यांची आखणी आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. या आखणीतून एक मोठा कालखंड सहज निसटून जाईल अशी मला भीती वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. १७७६ साली तेरा वसाहती ब्रिटनपासून वेगळ्या झाल्या, पण तेवढ्याने त्या एक राष्ट्र झाल्या नाहीत. राष्ट्र घडले ते पुढच्या पन्नास-साठ वर्षांत, आणि तेही कर्ज, कर, बँक, रस्ते, आगबोटी, जमीन आणि गुलामगिरी यांवरून झालेल्या कडवट भांडणांतून. त्या भांडणांत संघसत्तेचे कायमचे कैवारी आणि तिचे कायमचे विरोधक असे दोन ठरलेले गट शोधू गेल्यास सापडत नाहीत. सत्तेबाहेर असताना ज्यांनी राज्यांच्या हक्कांचा घोष केला, त्यांनीच सत्तेवर आल्यावर केंद्राचे हात बळकट केले, आणि ज्यांनी केंद्र उभारले त्यांनाच पुढे ते जाचक वाटू लागले. आपल्या कार्यक्रमांत हा भाग यावा, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यासकट यावा, एवढीच माझी विनंती आहे.

भारतातून आलेल्या माणसाला हा इतिहास समजून घेताना एक अडचण येते. आपल्या मनात केंद्र आधी आणि राज्ये नंतर असा क्रम पक्का बसलेला असतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्यामागे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे बळ होते हे खरे, तरी राज्य निर्माण करण्याचा घटनात्मक अधिकार संसदेचाच होता आणि तिने तो कायदा करून वापरला. अमेरिकेत राज्ये आधी होती आणि त्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून केंद्राचा आराखडा तयार केला. हा फरक नीट ओळखणारा एक माणूस आपल्यातलाच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि तेथील त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर, म्हणजे केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशांच्या व्यवहारावर होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी स्पष्ट केले की भारतीय संघराज्य हे घटकांमधील करारातून जन्मलेले नाही, त्यामुळे कोणत्याही घटकाला फुटून निघण्याचा हक्क नाही, आणि हीच गोष्ट प्रस्थापित करण्यासाठी अमेरिकनांना यादवी युद्ध करावे लागले. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घटनेने पहिल्याच कलमात देऊन टाकले, तो प्रश्न अमेरिकेत सत्तर वर्षांहून अधिक काळ उघडा राहिला.

मी मेरिलँडमध्ये राहतो, आणि या प्रश्नाचे जवळजवळ प्रत्येक वळण या छोट्याशा राज्यातून गेलेले आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात राज्यांना जोडणारा जो पहिला करारनामा झाला, तो मान्य करायला मेरिलँडने १७८१ साल उजाडेपर्यंत विलंब लावला, कारण पश्चिमेकडच्या अफाट जमिनींवरचा दावा व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्यांनी सोडावा असा त्याचा आग्रह होता. त्या करारनाम्याखाली काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या केंद्रीय सभेला, कर बसवता येत नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागू शकत असे आणि राज्ये ते देत नसत. करारनाम्यात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागे, त्यामुळे आयात मालावर पाच टक्के शुल्क लावण्याची साधी सूचना एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने बारगळली. सप्टेंबर १७८६ मध्ये व्यापाराच्या अडचणी सोडवण्यासाठी अ‍ॅनापोलिस येथे परिषद बोलावली गेली, तिला फक्त पाच राज्यांचे प्रतिनिधी आले. यजमान मेरिलँडने स्वतःच्याच गावी भरलेल्या परिषदेला प्रतिनिधी पाठवले नाहीत, ही गोष्ट आजही इथल्या लोकांना ठाऊक नसते. त्या फसलेल्या परिषदेने पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात जमण्याचे आवाहन केले आणि तिथे नवी घटना तयार झाली.

नव्या केंद्राची पहिली परीक्षा पैशांचीच होती. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९० साली राज्यांची युद्धकर्जे केंद्राने आपल्या डोक्यावर घ्यावीत अशी योजना मांडली. त्यामागचा हिशेब सरळ होता: ज्या धनकोचे पैसे केंद्राकडे अडकले आहेत, तो केंद्र टिकावे म्हणूनच झटेल. आपले बरेचसे कर्ज फेडून बसलेल्या व्हर्जिनियाला हे अन्यायाचे वाटले, आणि अखेर राजधानी पोटोमॅकच्या काठी आणण्याच्या बोलीवर सौदा जमला. हे कर्ज फेडण्यासाठी व्हिस्कीवर अबकारी कर आला, पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी तो देण्याचे नाकारले, आणि १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सुमारे १३,००० शिबंदी सैनिक त्यांच्यावर धाडले. ब्रिटिश करांविरुद्ध लढलेल्या सेनापतीनेच करासाठी सैन्य हलवले, यात विरोधकांना दिसलेला विरोधाभास खोटा म्हणता येणार नाही.

पुढच्या वीस वर्षांत भूमिका कशा फिरल्या, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. १७९८ मध्ये सरकारवरील टीकेला शिक्षा देणारा राजद्रोहाचा कायदा झाला तेव्हा थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांनी, आपली नावे गुप्त ठेवून, केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळांसाठी ठराव लिहिले आणि केंद्राने मर्यादा ओलांडल्यास राज्यांना आडवे येण्याचा हक्क आहे अशी मांडणी केली. तेच जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना लुईझियानाचा प्रदेश घेताना घटनेत अशा खरेदीचा अधिकार आपल्याला कुठे सापडत नाही हे मनातून जाणत होते, तरी त्यांनी खरेदी पुरी केली आणि देशाचा आकार जवळजवळ दुप्पट केला. १८०७ मध्ये त्यांनी परदेशी व्यापारावर घातलेली बंदी इतकी कडक होती की तिच्यापुढे हॅमिल्टनचा अबकारी कर सौम्य वाटावा. त्या बंदीने आणि पाठोपाठ ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धाने न्यू इंग्लंडची बंदरे ओस पडली. तेव्हा मजबूत केंद्राचा एकेकाळचा बालेकिल्ला असलेल्या या भागातील फेडरलिस्ट पुढारी डिसेंबर १८१४ मध्ये हार्टफर्ड येथे जमले आणि राज्यांच्या हक्कांची भाषा बोलू लागले. त्यांच्या मागण्या राजधानीत पोहोचल्या त्याच सुमारास न्यू ऑर्लीन्सच्या विजयाची आणि तहाची बातमी आली. फेडरलिस्ट पक्ष त्या नामुष्कीतून पुन्हा उभा राहिला नाही.

युद्धानंतर आलेली राष्ट्रभावनेची लाट खरी होती. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले होते, आणि तीन आठवड्यांनी बाल्टिमोरचा किल्ला मात्र त्यांना घेता आला नव्हता. आज ज्या राष्ट्रगीतासाठी आपण प्रत्येक कार्यक्रमात उभे राहतो ते त्याच रात्रीच्या तोफांतून जन्मले. परंतु राष्ट्रभावना नुसती गाण्यात राहिली असती तर तिचे कौतुक करून पुढे जाता आले असते. युद्धकाळात सरकारला कर्ज मिळताना नाकी नऊ आले होते, कारण पहिल्या राष्ट्रीय बँकेची सनद १८११ मध्ये नूतनीकरणाविना संपू दिली गेली होती. १७९१ मध्ये त्या बँकेला घटनाबाह्य म्हणणाऱ्या मॅडिसन यांनीच राष्ट्राध्यक्ष म्हणून एप्रिल १८१६ मध्ये साडेतीन कोटी डॉलर भांडवलाच्या दुसऱ्या बँकेच्या विधेयकावर सही केली. त्याच वर्षी देशी उद्योगांना संरक्षण देणारे आयात शुल्कही आले, आणि त्याचा जोरदार कैवार घेणाऱ्यांत दक्षिण कॅरोलायनाचे जॉन कॅलहून आघाडीवर होते.

बँकेची एक शाखा बाल्टिमोरला होती. मेरिलँडच्या विधिमंडळाने १८१८ मध्ये कायदा केला की राज्याची सनद नसलेल्या बँकेने आपल्या नोटा मुद्रांकित कागदावरच काढाव्यात, नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर एकरकमी भरावेत. शाखेचे रोखपाल जेम्स मॅककुलक यांनी तो कर भरला नाही आणि खटला उभा राहिला. (हेच मॅककुलक दरम्यान आपल्या साथीदारांबरोबर बँकेच्या तिजोरीतून लाखो डॉलर परस्पर उचलत होते. संघसत्तेच्या सर्वांत मोठ्या निकालावर नाव कोरले गेले ते अशा गृहस्थाचे.) मेरिलँडच्या बाजूने उभे राहिले लूथर मार्टिन. बत्तीस वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाच्या परिषदेतून घटनेवर सही न करता ते निघून आले होते आणि तिच्या मंजुरीला त्यांनी कडाडून विरोध केला होता. आता सत्तरीच्या घरात पोहोचलेल्या मार्टिन यांनी न्यायालयात घटनेच्या समर्थकांचेच जुने लेख आणि भाषणे वाचून दाखवली: घटनेच्या मोघम शब्दरचनेत अमर्याद अधिकार दडलेले आहेत असा इशारा तेव्हा विरोधक देत होते, तो आरोप खोटा असल्याची ग्वाही समर्थकांनी दिली होती, आणि आता नेमक्या त्याच दडलेल्या अधिकारांवर बँक हक्क सांगत आहे. माझ्या मते संपूर्ण खटल्यातला सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद हाच होता, आणि तो हरला.

सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी युक्तिवाद संपल्यावर तीनच दिवसांत, ६ मार्च १८१९ रोजी, एकमताचा निकाल वाचला. घटना राज्यांनी केलेली नसून जनतेने केलेली आहे. कर गोळा करणे, कर्ज काढणे, युद्ध चालवणे हे अधिकार ज्या सरकारला दिले त्याला ते पार पाडण्याची योग्य साधने निवडण्याची मुभाही दिलेली आहे. आणि कर लावण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार येतो, म्हणून एका राज्याला साऱ्या देशाच्या संस्थेवर कर लावता येणार नाही, असा त्याचा गाभा होता. व्हर्जिनियाचे न्यायमूर्ती स्पेन्सर रोन यांनी टोपणनावाने वर्तमानपत्रांत या निकालावर इतका मारा केला की खुद्द मार्शल यांनी टोपणनावानेच त्यांना उत्तरे दिली. बँकेच्या विधेयकावर सही केलेल्या मॅडिसन यांनाही मार्शल यांची व्यापक मांडणी रुचली नाही. ओहायोने तर निकाल धाब्यावर बसवून त्याच वर्षी बँकेच्या चिलिकोथी शाखेतून कराची रक्कम जबरदस्तीने उचलून नेली. निकाल लागला म्हणजे प्रश्न मिटला असे त्या काळात कोणीच मानत नव्हते.

१८२४ चा आगबोटींचा खटला न्यू जर्सीतल्या मंडळांसाठी घरचाच आहे. न्यूयॉर्कने आपल्या पाण्यात आगबोट चालवण्याचा मक्ता मोजक्या लोकांना दिला होता, आणि न्यू जर्सीच्या एलिझाबेथटाउनहून प्रवासी नेणाऱ्या टॉमस गिबन्स यांच्या बोटीला, जिचा कप्तान तरुण कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट होता, न्यूयॉर्कला लागण्याची बंदी होती. आंतरराज्य वाहतूक ही काँग्रेसच्या अखत्यारीतली बाब असल्याचे सांगून न्यायालयाने मक्ता मोडला. आज हडसन ओलांडून रोज कामाला जाणाऱ्या कोणालाही हा निकाल पटवून द्यावा लागणार नाही.

आतापर्यंतची हकीकत बहुतेक पाठ्यपुस्तकांत या ना त्या रूपात मिळते. माझी खरी विनंती यापुढच्या भागाविषयी आहे. कॅलहून यांनी रस्ते आणि कालवे बांधून देश जोडण्याचे जे विधेयक आणले, ते मॅडिसन यांनी मार्च १८१७ मध्ये पद सोडण्याच्या आदल्या दिवशी नाकारले, आणि न्यूयॉर्कने ईरी कालवा केंद्राच्या मदतीशिवाय स्वतःच्या हिमतीवर १८२५ पर्यंत पुरा केला. रस्त्यासारख्या उघड फायद्याच्या गोष्टीला इतका विरोध का होता, याचे उत्तर व्हर्जिनियाच्या जॉन रँडॉल्फ यांनी १८२४ मध्ये प्रतिनिधिगृहात उघड बोलून दाखवले: ज्या काँग्रेसला हे करण्याचा अधिकार आहे, तिला उद्या प्रत्येक गुलाम मुक्त करण्याचाही अधिकार असेल. केवळ चार वर्षांपूर्वी गुलामगिरी असलेले राज्य म्हणून मिझूरीच्या संघातील प्रवेशावरून काँग्रेस दुभंगली होती आणि ३६ अंश ३० मिनिटांची रेषा ओढून, मिझूरी वगळता तिच्या उत्तरेच्या लुईझियाना प्रदेशात गुलामगिरीला बंदी घालून, तात्पुरता समेट झाला होता. गुलामगिरी बाजूला ठेवून संघसत्तेचा इतिहास सांगणे म्हणजे त्या भांडणाचे कारण गाळून नुसता आवाज ऐकवणे होय.

मात्र ‘राज्यांचे हक्क’ ही गुलाममालकांचीच घोषणा होती असेही सरसकट सांगू नये. मार्गारेट मॉर्गन ही कृष्णवर्णीय स्त्री मेरिलँडहून पेनसिल्व्हेनियात जाऊन आपल्या कुटुंबाबरोबर राहत होती. १८३७ मध्ये एडवर्ड प्रिग आणि इतर काही जणांनी तिला मुलांसह पकडून मेरिलँडला नेले. अशा पळवापळवीला पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने गुन्हा ठरवले होते. परंतु १८४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पळालेल्या गुलामांविषयीचा केंद्राचा कायदा श्रेष्ठ ठरवून राज्याचा कायदा रद्द केला, प्रिग सुटला, आणि ज्या स्त्रीवरून हा सारा वाद झाला तिला स्वातंत्र्य मिळाले नाही. मॅककुलक खटल्यात जे तत्त्व देशाला एकत्र बांधणारे वाटते, तेच इथे एका आईला आणि तिच्या लेकरांना दावणीला बांधते. त्यानंतर उत्तरेतल्या अनेक राज्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना अशा कामात मदत करण्यास मनाई केली. राज्यांचे हक्क तिथे माणसाच्या बाजूने उभे राहिले.

चेरोकी या मूळ रहिवासी लोकांच्या बाबतीत हा उफराटेपणा आणखी उघडा पडतो. १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवण्याचा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ अशा निसटत्या मतांनी संमत झाला. १८३२ मध्ये मार्शल यांच्या न्यायालयाने जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकींच्या भूमीत लागू होत नाहीत असा निकाल दिला, आणि राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी त्या निकालामागे केंद्राचे बळ उभे केले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण कॅरोलायनाने आयात शुल्क आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवले, तेव्हा त्याच जॅक्सन यांनी १० डिसेंबरला घोषणापत्र काढून असा ठराव संघाच्या अस्तित्वाशी विसंगत असल्याचे बजावले आणि बळाचा वापर करण्याची परवानगी काँग्रेसकडून मिळवली. शुल्क वसूल करायला केंद्र समर्थ होते, चेरोकींचे रक्षण करायला नव्हते. आणि १८३८ मध्ये त्यांना घराबाहेर काढायला मात्र केंद्राचेच लष्कर आले. त्या सक्तीच्या वाटचालीत सुमारे ४,००० चेरोकी मरण पावले असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो.

आपल्या स्वतःच्या कहाणीचा एक धागाही याच काळात सापडतो. नागरिकत्वासाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची जी अट आपल्यापैकी अनेकांनी पूर्ण केली, ती १७९५ च्या कायद्यातली आहे. १७९८ मध्ये ती चौदा वर्षांवर नेली गेली आणि १८०२ मध्ये पुन्हा पाचावर आली. १७९० च्या पहिल्या कायद्याने नागरिकत्व स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींपुरते ठेवले होते, आणि त्या मर्यादेच्या आधारे १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना अपात्र ठरवले, ज्यानंतर आधी नागरिक झालेल्या काही भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. भारतीयांसाठी तो दरवाजा १९४६ मध्ये उघडला. तरुण प्रजासत्ताकाने राष्ट्राची व्याख्या केली तेव्हा आपण त्या व्याख्येबाहेर होतो, हे आपल्या मुलांना इथल्या शाळेत कळेलच. ते आपल्या मंडळातही, आपल्या भाषेत, आपल्याकडून कळावे.

आता काही व्यवहार्य सूचना. स्मरणिकेत १७८७ ते १८४२ या काळासाठी स्वतंत्र पाने राखावीत आणि त्यांत मार्शल आणि हॅमिल्टन यांच्या बरोबरीने लूथर मार्टिन, मार्गारेट मॉर्गन आणि चेरोकी राष्ट्र यांना जागा द्यावी. सहली काढणाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या पलीकडे अ‍ॅनापोलिसचे विधिमंडळ भवन आणि कंबरलँड गाव जोडावे, कारण १७९४ मध्ये वॉशिंग्टन यांनी व्हिस्की करासाठी निघालेल्या फौजेची पाहणी कंबरलँडला केली आणि १८११ मध्ये केंद्राच्या पैशाने पहिला राष्ट्रीय महामार्ग तिथूनच सुरू झाला. प्रश्नमंजूषेत सनावळ्या विचारण्यापेक्षा मोठ्या मुलांकडून मॅककुलक खटला मराठीत लढवून घ्यावा. एका गटाने मेरिलँडची, दुसऱ्याने बँकेची बाजू मांडावी आणि अर्ध्या वेळानंतर बाजूंची अदलाबदल करावी. कॅलहून यांनी १८१६ मध्ये ज्या शुल्काचा कैवार घेतला, त्याच धोरणाविरुद्ध १८२८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदावर असताना निनावी पत्रक लिहिले. आणि युद्धकाळात राज्यांनी केंद्राच्या सक्तीच्या सैन्यभरतीला आडवे यावे म्हणणारे डॅनियल वेबस्टर १८३० मध्ये सिनेटमध्ये संघाच्या अभंगतेचे सर्वांत मोठे वक्ते ठरले. तेव्हा मुलांना बाजू बदलायला सांगण्यात इतिहासाशी कसलीही प्रतारणा होणार नाही.

खटल्यासाठी दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांचा मराठी मसुदा तयार करण्याचे काम कोणत्याही मंडळाने सांगितल्यास मी आनंदाने करीन.

आपला नम्र,
मेरिलँडमधील एक निवृत्त इतिहास शिक्षक